काकींच्या डब्यातली पोळी

पत्र थोडं कापून देते. गल्लीचं नाव लिहिणाऱ्यानेच दिलेलं नाही.

"ताई, मी कोल्हापुरात पेठेत राहतो. वय 44. 2019 च्या महापुरात आमच्या तालमीच्या पोरांबरोबर पाण्यात उतरून मी सुतारवाड्यातली, शाहूपुरीतली अनोळखी माणसं बाहेर काढली आहेत. कशाची भीती वाटली नाही. 2021 च्या मे महिन्यात आमच्या समोरच्या घरातले आण्णा कोरोनाने घरीच आजारी होते. एका रात्री दीडच्या सुमारास काकींची हाक आली, 'आण्णांना जिन्यावरनं खाली आणायचंय, कोणतरी या रे.' मी जागाच होतो. माझी मुलगी दहा महिन्यांची, आईला शुगर. मी उठलो आणि लाईट बंद केली. अंधारात कॉटवर बसून राहिलो. काकींनी दोनदा माझं नाव घेऊन हाक मारली. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. तासाभराने गाडी आली, गाडीवरच्या दोन पोरांनी आण्णांना खुर्चीत बसवून उतरवलं. तिसऱ्या दिवशी आण्णा गेले. रक्षाविसर्जनाला त्यांचा मुलगा आणि मेहुणा असे दोघंच होते.

त्याच वर्षी धान्याची किट वाटली म्हणून मला 'कोरोना योद्धा' प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रेम करून भिंतीला आहे. त्या रात्रीबद्दल काकी आजपर्यंत एक शब्द बोललेल्या नाहीत. दर होळीला माझ्या मुलीसाठी पुरणपोळ्यांचा डबा पाठवतात. ती पोळी माझ्या घशाखाली उतरत नाही. बायको म्हणते, जुनी मढी उकरू नका. माझं चुकलं का? सगळ्यांनीच तसं केलं होतं. आता बोलावं की गप्प बसावं?"

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा लाईट बंद केल्याच्या वाक्यापाशी थांबले. बाकीचं सगळं त्या महिन्यात गल्लोगल्ली झालं. हे वाक्य मात्र कोणी लिहून पाठवत नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलते.

घरात दहा महिन्यांचं लेकरू, शुगरची आई, आणि मे 2021. खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिव्हिरसाठी माणसं रात्र रात्र फोन फिरवत होती. तुमच्या वयाच्या लोकांना 1 मेपासून लस मिळणार असं जाहीर झालं आणि साठाच नाही म्हणून दोन आठवड्यांच्या आत राज्याला ते लसीकरण थांबवावं लागलं. पेठेतले जिने कसे असतात ते मला माहीत आहे. एका माणसापुरती वाट, वर दोरखंड, भिंतीला खांदा घासत उतरायचं. तिथे आजारी माणसाला काखेत धरायचं म्हणजे त्यांचा श्वास तुमच्या तोंडावर. तुम्ही त्या जिन्यावर चढला नाहीत याला मी चूक म्हणणार नाही. कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

पण जिना न चढणं वेगळं आणि लाईट बंद करणं वेगळं. खिडकी उघडून "काकी, घरात बाळ आहे, मला वर येता येत नाही, पण मी जागा आहे, 108 ला लावतोय, गाडी चौकात आली की मी वाट दाखवतो" एवढं ओरडून सांगण्यात विषाणू आडवा येत नव्हता. मधली गल्ली दहा फुटांची असेल, हवा मोकळी होती. काकी तासभर त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्या तासात त्यांना खांदा मिळाला नाही, ते समजू शकतं. त्यांना आवाजसुद्धा मिळाला नाही. तुमचं चुकलं ते इथे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे. नाहीतर लाईटचा उल्लेख पत्रात आलाच नसता.

आठवतं का, तेव्हा कोणालाही फोन लावला की रिंग वाजायच्या आधी ती ध्वनिफीत लागायची? लढाई आजाराशी आहे, आजारी माणसाशी नाही, असं ती रोज सांगायची. ऐकून ऐकून आपले कान किटले. अर्थ मात्र आत उतरला नाही. आपण लांब राहायला शिकलो, पण आजारापासून लांब राहायचं आणि माणसाला धरून राहायचं हे जमवायला कोणी शिकलंच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही सरळ विचारलेला नाही: महापुरात उडी घेणारा माणूस मे महिन्यात असा कसा झाला? मला वाटतं, पुराला आपल्याकडे खूण आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात शेंबडं पोरही विचारतं, "किती फूट झालं?" 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तरी ते कुठे आहे ते दिसत होतं. दोर कुठे बांधायचा, नाव कुठून घालायची हे कळत होतं. शिवाय ज्याला वाचवायचं तो धोका नव्हता, धोका त्याच्या भोवतीचं पाणी होतं. कोरोनात धोका त्या माणसाच्या श्वासातच आला, आणि त्याला 43 ची खूण नव्हती. आण्णांच्या जिन्यात पाणी किती चढलंय हे तुम्हाला कोणी सांगू शकत नव्हतं. अशा वेळी आपलं धाडस कामाला येत नाही. ते मोजता येणाऱ्या संकटावर पोसलेलं असतं.

आणि ती भीती तुम्ही एकट्याने घरात तयार केली नाही, ती शिकवली गेली. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारले. दाराला पत्रे ठोकले, गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले. पॉझिटिव्ह आलेल्यांच्या नावांच्या याद्या मोबाईलवर चोरांच्या यादीसारख्या फिरल्या. मुंबई-पुण्याहून आलेली आपलीच पोरं वेशीबाहेरच्या शाळेत ठेवली, आणि कित्येक गावांनी वेशीवर दगड आणि काटेरी झुडपं टाकली. वापरला तो कायदाही 1897 चा, प्लेगच्या वेळचा. आजारी माणूस म्हणजे आरोपी, ही समजूत आपण वरूनही घेतली आणि खालूनही वाढवली. विलगीकरण गरजेचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण विलग केलेल्या माणसाच्या दाराशी दोन वेळा उभं राहून "काय पाहिजे?" विचारणं हा त्याच विलगीकरणाचा अर्धा भाग होता. तो अर्धा भाग आपण सोडून दिला.

माझी आजी प्लेगाच्या आठवणी सांगायची. उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. शाहू महाराजांच्या काळात आपल्या संस्थानात अशी माणसं गावाबाहेर हलवली गेली. आजी म्हणायची, घर सुटलं पण शेजार सुटला नाही, झोपडीला झोपडी लागून होती. त्या दिवसांचं मला गोड चित्र रंगवायचं नाही, तेव्हाही माणसं पटापट मेली आणि जात-पात माळावरही गेली. पण आपल्याला वाट्याला आलेला एकटेपणा तिच्या गोष्टीत नव्हता. एका भिंतीपलीकडे माणूस मरतोय आणि अलीकडे आपण आवाज न करता बसलोय, असं तिने कधी सांगितलं नाही.

तुम्ही लिहिता, "सगळ्यांनीच तसं केलं." इथे मी तुम्हाला अडवणार आहे. ती गाडीवरची दोन पोरं "सगळ्यांत" धरली का तुम्ही? त्यांनाही आई असणार, कोणाला लहान मूलही असेल. पंचगंगा स्मशानभूमीत त्या दोन महिन्यांत दिवसरात्र सरण रचणारे पालिकेचे कामगार, दुसऱ्यांच्या धर्माच्या मृतदेहांनाही त्यांच्या रीतीने निरोप देणारे आपल्या शहरातले मुस्लीम तरुण, तुटपुंज्या मानधनावर दारोदारी ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्या आशाताई. सगळे म्हणताना ही माणसं गळून पडतात, आणि पडू देणं आपल्या सोयीचं असतं. ती वेगळ्या मातीची नव्हती. त्यांच्याकडे काम होतं, आणि हाताला काम असलं की भीतीला बसायला जागा कमी मिळते. तुमच्याही हाताला त्या रात्री एक काम होतं, 108 चं. ते सुचलं नाही.

रक्षाविसर्जनाचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला त्यावर थोडं थांबायचं आहे. आपल्या शहरात माणूस गेला की वर्तमानपत्रात वार आणि वेळ छापून येते, आणि सकाळी नऊला पंचगंगेवर कोण आलं होतं, कोण नव्हतं, हे घरचे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आपलं मैतही एकट्या घराचं नसतं. इथे महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. होळीच्या आधी "शेणी दान करा", म्हणजे गोवऱ्या द्या, अशी हाक दिली की माणसं ट्रॉल्या भरून शेणी स्मशानात नेऊन टाकतात, कोणाच्या चितेला लागतील हे न विचारता. अशा गावात आण्णांची रक्षा दोघांनी सावडली. आणि ऐका, केंद्राच्या आरोग्य खात्याने 15 मार्च 2020 ला, म्हणजे टाळेबंदी लागायच्याही आधी, मृतदेहाबाबतच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की रक्षेपासून कोणताही धोका नाही, ती गोळा करून पुढचे विधी करता येतात. मे 2021 मध्ये अंत्यविधीला 20 माणसांची परवानगी होती. दोन आले. उरलेल्या अठरा जागा कायद्याने रिकाम्या ठेवल्या नव्हत्या. घाटावरची मोकळी हवा, थंड झालेली राख, तोंडाला मास्क. त्या सकाळी घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. त्या रात्रीसाठी मी तुमची बाजू घेतली, या सकाळसाठी घेणार नाही.

आता बोलावं की नाही ते.

बोला. तुमच्या पत्नी मढी उकरू नका म्हणतात, त्यामागे तुमची काळजी आहे, त्यांना दोष देत नाही. पण हे मढं पुरलेलंच नाही. दर होळीला ते डब्यात बसून तुमच्या घरी येतं. शिवाय मला जवळजवळ खात्री आहे की काकींना माहीत आहे. समोरासमोर घरं, रात्री दीड वाजता, अंधाऱ्या गल्लीत एक लाईट चालू असते आणि हाक मारल्यावर ती बंद होते. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईला ते दिसल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्यांदा त्यांनी नाव घेऊन हाक मारली ती तुम्हालाच का, याचा विचार करा.

मग त्या पोळ्या का पाठवतात? मला दोन उत्तरं सुचतात आणि त्यातलं कुठलं खरं ते मी सांगू शकत नाही. एक, लेकरू अंगाखांद्यावर वाढलंय, त्याचा काय दोष, म्हणून. दुसरं, तो डबा म्हणजे दरवर्षी पुन्हा दारात येऊन मारलेली हाक आहे, आणि बघू आता तरी हा बाहेर येतो का, म्हणून. दोन्ही एकाच वेळी खरंही असेल. माणसाचं मन एकपदरी नसतं.

जायच्या आधी माझ्याबद्दल एक सांगते. 2020 च्या जुलैमध्ये आमच्या इमारतीत एक परिचारिका भाड्याने राहत होती. देशभर डॉक्टर आणि परिचारिकांना घर सोडायला लावत होते, मारहाण होत होती, म्हणून त्या एप्रिलमध्ये सरकारला अध्यादेश काढून 1897 च्या त्याच कायद्यात कडक शिक्षा घालावी लागली होती. आम्ही मारहाण केली नाही. गच्चीवर लांब लांब खुर्च्या टाकून बैठक घेतली आणि तिला "काही दिवस दुसरीकडे सोय बघा" असं गोड आवाजात सांगायचं ठरवलं. मी त्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. मोपेडच्या पुढे कुकर आणि बादली, मागे गुंडाळलेली गादी दोरीने बांधलेली. गादी घसरत होती म्हणून ती फाटकाशी दोनदा थांबली. मी वरून बघत होते, खाली उतरून दोरी आवळून दिली नाही. दोन वर्षांनी ती मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर भेटली. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती जरा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही होता का त्या बैठकीत? मला नाही आठवत." रागाने नाही, खरंच आठवत नव्हतं. मी दोन वर्षं जे उराशी घेऊन फिरत होते त्यात तिच्या लेखी मी नव्हतेच, नुसती गच्चीभर माणसं होती. घरी येऊन मी फार रडले. काय ऐकावं लागेल ते आपल्या हातात नसतं, एवढ्यासाठी हे सांगितलं. काकी रडतील, चिडतील, "जाऊ दे रे" म्हणून विषय मोडतील, किंवा दार लावून घेतील. पोळ्यांचा डबा कायमचा बंद होईल. हे सगळं चालेल अशा तयारीनेच जा.

आणि माफी मागायला जाऊ नका. विचित्र वाटेल, पण माफी मागितली की समोरच्यावर काहीतरी द्यायची पाळी येते. त्या तासात काकींनी पुरेसं दिलंय. तुम्ही फक्त सांगा. पहिलं वाक्य "काकी, त्या रात्री मी जागा होतो" एवढंच. लेकरू, शुगर, लसीचा तुटवडा, हे मी वर तुमच्या बाजूने लिहिलं आहे ते तिथे बोलू नका. त्यांना विचारायचं असेल तर त्या विचारतील. पहिल्या वाक्यानंतर गप्प राहा. मग आण्णांबद्दल विचारा. ते तीन दिवस कसे गेले, शेवटचं बोलणं झालं का, हे काकींना इतक्या वर्षांत कोणी विचारलं नसण्याची शक्यता फार आहे. कोरोनाने गेलेल्यांच्या घरी लोक "केव्हा, कुठे, किती बिल झालं" विचारायचे. माणूस कसा होता ते कोणी विचारलं नाही, कारण बसायलाच कोणी गेलं नाही.

प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. ते उतरवून ठेवा, कोणाला न सांगता. तुम्ही धान्य वाटलंत ते खरं आहे, कोणाच्या चुली त्यावर पेटल्या असतील, ते पुसलं जात नाही. पण "योद्धा" हा शब्द त्या काळात फार स्वस्तात वाटला गेला, आणि काकी तुमच्या घरी आल्या की त्यांच्या नजरेसमोर ती फ्रेम असते.

पुढचं काम लांबचं आहे. पितृपक्षात आण्णांचा म्हाळ असेल. आदल्या दिवशी जाऊन विचारा, काय आणून देऊ. बोलावलं तर पंगतीत बसा, नाही बोलावलं तर सामान देऊन परत या. आणि चौकशी करा की कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना सरकारकडून 50,000 रुपये मिळायचे, ते काकींना मिळाले का. कागद अडकला असेल तर पुढे काही होतं का ते कलेक्टर कचेरीत जाऊन तुम्हीच विचारा. अर्ज, मृत्यूचा दाखला, झेरॉक्स, ही धावपळ करायला तालमीतल्या माणसाइतकं चांगलं कोणी नाही.

तुमच्या पत्नीसाठीही एक निरोप. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकींना बोलावता का? बोलावत नसाल तर या वर्षी पहिलं वाण त्यांना द्या. कोरोनाने तरुण बायका विधवा झाल्या, ते बघून आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. त्या साथीतून आपल्या भागाने काही शहाणपण मिळवलं असेल तर ते मला तिथे दिसतं. ठराव कागदावर राहू नये म्हणून तुमच्या घरातला एक हळदीकुंकवाचा करंडा पुरे आहे.

कधी जायचं? होळीची वाट बघू नका. मागच्या वेळचा डबा तुमच्याकडेच असेल तर तो घेऊन जा, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. दुपारी चारच्या सुमारास जा, काकींचा चहा व्हायच्या आधी. जिना चढून वर जा. मुलीला बरोबर नेऊ नका. ती असली की काकी तिच्याशीच बोलत बसतील, आणि तुम्ही पुन्हा गप्प राहाल.